डिजिटल रेडिओचा फायदा नेमका कोणाला, आणि घरातला जुना संच आताच बदलावा का?

जगभर डिजिटल रेडिओ, म्हणजे आवाज आकड्यांच्या रूपात पाठवणारे प्रक्षेपण, आल्याचे आपण वाचले आहे आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: त्याचा खरा उपयोग काय, नॉर्वेप्रमाणे आपल्याकडेही एफएम बंद होईल का, आणि घरातला संच बदलावा का. सोलापुरात मी बरीच वर्षे रेडिओ दुरुस्तीचे काम केले असल्याने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तूर्त बदलू नका.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ लंडनहून मुलाने आणलेला देखणा डिजिटल रेडिओ माझ्याकडे घेऊन आले. संच सुरू केला की पडद्यावर शोध चालू झाल्याची पट्टी सरके आणि शेवटी शून्य केंद्रे सापडल्याचे दिसे. एफएमचे बटण दाबल्यावर मात्र सोलापूर आकाशवाणी स्वच्छ लागली. संचात बिघाड काहीच नव्हता. तो ज्या ‘डॅब’ प्रकारचे डिजिटल प्रक्षेपण शोधत होता, ते आपल्याकडे होतच नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या युरेका १४७ या प्रकल्पातून युरोपात ‘डॅब’ हे मानक आकाराला आले आणि १९९५ मध्ये नॉर्वे, ब्रिटन व स्वीडन येथे त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. अमेरिकेने २००२ मध्ये एचडी रेडिओ स्वीकारला, ज्यात डिजिटल आवाज जुन्या केंद्राच्याच फ्रिक्वेन्सीला लागून जातो. आकाशवाणीने निवडले ते डीआरएम, म्हणजे मध्यम लहरीवरही (मीडियम वेव्ह) चालणारे तिसरे मानक. यांतल्या एकाचा संच दुसऱ्यासाठी ठार बहिरा असतो. एवढेच नव्हे, तर २००७ मध्ये सुधारित ‘डॅब प्लस’ आले, तेव्हा डॅबचे कित्येक जुने संचही निरुपयोगी ठरले.

फायदा म्हणाल, तर तो आधी प्रक्षेपण करणाऱ्याचा आहे. एफएममध्ये एका फ्रिक्वेन्सीवर एकच कार्यक्रम जातो आणि शेजारच्या मनोऱ्याला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यावी लागते, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात. डॅबमध्ये सुमारे दीड मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात दहा-बारा किंवा त्याहून अधिक केंद्रे एकत्र बांधून पाठवतात आणि सगळे मनोरे तीच फ्रिक्वेन्सी वापरू शकतात, कारण दोन मनोऱ्यांकडून किंचित मागेपुढे आलेला संकेत संच सांभाळून घेतो. डोंगरदऱ्यांच्या नॉर्वेत एफएमवर देशव्यापी वाहिन्या पाचच होत्या, डिजिटलवर त्या वीसहून अधिक झाल्या. शिवाय एका वाहिनीचे देशभर प्रक्षेपण एफएमवर सुमारे आठपट महाग पडते, असा तिथल्या सरकारचा हिशेब होता. म्हणून २०१७ मध्ये त्यांनी देशव्यापी एफएम बंद केले. स्थानिक केंद्रे मात्र एफएमवरच राहिली, आणि बातमीचा हा अर्धा भाग आपल्यापर्यंत सहसा येत नाही. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने २०२४ च्या अखेरीस एफएम सोडले. ब्रिटनने ते निदान २०३० पर्यंत ठेवायचे ठरवले. कॅनडात तर श्रोत्यांकडे संचच नसल्याने डॅब गुंडाळावे लागले.

आपल्याकडची गरज वेगळी आहे. मध्यम लहरीचा एक प्रक्षेपक शेकडो किलोमीटरचा मुलूख व्यापतो, पण वीजही तशीच खातो. राजकोटचा प्रक्षेपक १००० किलोवॉटचा आहे. डीआरएममध्ये तेवढ्याच टापूसाठी बरीच कमी वीज लागते, एकाच लहरीवर एकाहून अधिक कार्यक्रम आणि लिखित मजकूर पाठवता येतो, आणि आपत्तीच्या वेळी संचाला आपोआप इशाऱ्याच्या कार्यक्रमावर नेण्याची सोयही आहे. आवाजाचा फरक तर विचारूच नका. यंत्रमागाच्या कारखान्यात मध्यम लहरीवर पुणे केंद्र लावून पाहा: मोटारींची गुरगुर, स्वस्त एलईडी दिव्यांची भणभण, आणि त्यातून निवेदकाचा आवाज गाळून घ्यायचा; मग संचातला फेराइटचा दांडा, म्हणजे आतली अँटेना, नेमक्या दिशेला यावा म्हणून संच बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत बसायचे. डिजिटल संकेत पुरेसा असेल तोवर ही खरखर मुळीच ऐकू येत नाही. तो अपुरा पडला, की मात्र आवाज एकदम बंद होतो. जुना रेडिओ कुरकुरत का होईना, बोलत राही. डिजिटलला मधली अवस्था नाही.

आकाशवाणीचे तीसहून अधिक मध्यम लहरी प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज झाले आणि अनेक नव्या मोटारींत हा रेडिओ कारखान्यातूनच बसून येतो. पण सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळताना सुपाशेजारी जो रेडिओ चालू असतो, त्याच्या किमतीत डीआरएम संच बाजारात मिळत नाही, आणि माझ्या मते सगळे घोडे तिथेच अडले आहे. खासगी एफएमचे म्हणाल, तर ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१८ मध्ये डिजिटलकडे वळण्याची शिफारस केली आणि ऑक्टोबर २०२५ मधील शिफारशींत सुरुवातीसाठी १३ मोठी शहरे धरली, त्यांत मुंबई, पुणे, नागपूर आहेत, सोलापूर नाही. शिवाय त्या शिफारशींत नेहमीचे एफएम आणि डिजिटल एकाच वेळी चालवण्याचीच पद्धत सुचवलेली आहे, त्यामुळे आपला एफएम इतक्यात मुका होईल अशी चिंता नको.

नवी मोटार घेणार असाल, तर तिच्या रेडिओत डीआरएम आहे का, एवढे विचारून घ्या. परदेशातून कोणी डॅबचा संच आणतो म्हणाले, तर नको म्हणा. घरातल्या संचाचा आवाज वाढवताना करकर होत असेल, तर तो व्हॉल्यूम कंट्रोलमधला कचरा आहे. कोणताही कारागीर तो दहा मिनिटांत साफ करून देईल.