नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री, गोव्यातल्या म्हापशात कुत्रा पळाला, आता कुठे शोधू?

फटाक्यांना घाबरलेला कुत्रा हाक मारली तरी येत नाही, उलट आणखी पळतो. त्यामुळे आरडाओरडा नको. पहाटे, रस्ते शांत असताना, एकट्याने फिरा. उभ्या गाड्यांखाली, गटारात, बंद घरांच्या आवारात बघा. दिसला तर पाठलाग न करता खाली बसा, खाऊ टाका. पाववाला आणि मासळीवाली यांना फोटो दाखवाच, वाड्यावाड्यांत फिरणारी माणसं तीच. फोटोत एखादी खूण मात्र लपवा, खोटे दावेदार ओळखता येतात. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर जवळपासच्या पशुवैद्यांना तिचा १५ अंकी क्रमांक कळवा. आमचा तिसऱ्या दिवशी शेजारच्या पडवीत सापडला, चांगला जाडजूड होऊन!