खड्ड्यात पडणारा मारिओ

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारातले. शाळेत असताना सुट्टीत भाड्याच्या कॅसेटवर मारिओ खेळायचो. पहिले चार टप्पे डोळे मिटून पार व्हायचे. परवा मुलानं निन्टेन्डो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर तोच जुना गेम लावून दिला आणि पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडलो. पोरगा हसतोय. गेम बदललाय की वय झालं?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : वयाचं नंतर बघू, आधी टीव्ही तपासा. १९८५ सालचा तो गेम जवळजवळ जसाच्या तसा दिलाय. पण आपले जुने डबा टीव्ही चित्र आलं की लगेच दाखवायचे. आजचा सपाट टीव्ही ते आधी ‘सुंदर’ करत बसतो. तेवढ्यात तुमचं बटण दाबून झालेलं असतं आणि मारिओ खाली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा, बराच फरक पडेल. चित्राचं माप ४:३ ठेवा. ताणलेला जाडा मारिओ मला तरी बघवत नाही.

मात्र जुन्या गेमच्या सगळ्याच नव्या आवृत्त्या इतक्या प्रामाणिक नसतात. २०१७ मध्ये क्रॅश बँडिकूट या उड्या मारायच्या दुसऱ्या जुन्या गेमचे पहिले तीन भाग नव्यानं बांधून आले, त्यात उडी खरोखरच बदलली आहे. कडेवर टेकलेला क्रॅश घसरून पडतो. तिथं पडलात तर खुशाल गेमला दोष द्या.

आणि हो, तुमच्या मारिओत स्विचची झेडएल व झेडआर ही बटणं एकत्र दाबली की खेळ मागे नेता येतो. मुलगा शेव-उसळ आणायला गेला की वापरा.