निलला यायचं ठरवण्याआधी घर शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नी नर्स आहे, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या निल या गावी रुग्णालयात नोकरीची बोलणी चालू आहेत, तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, मुलगी सहा वर्षांची. दोन हजार वस्तीच्या गावात आपल्याला कोण विचारणार, आणि तिथे निभाव लागेल का? पहिल्या भागाचं उत्तर गावाच्या इतिहासात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निल हे मेलबर्न आणि ॲडलेड यांच्यामध्ये, साधारण अर्ध्या वाटेवर, हमरस्त्यालगत आहे. मेलबर्न सुमारे ३७५ किलोमीटर. ही जमीन वोटजोबालुक या मूळ रहिवाशांची. २००५ साली त्यांचा आणि त्यांच्या सोबतच्या समाजांचा या भागावरचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला, व्हिक्टोरियातला तसा तो पहिलाच निकाल. शाळेच्या कार्यक्रमापासून नगरपालिकेच्या बैठकीपर्यंत आरंभी त्यांचं नाव घेतलं जातं, ते जमीन मुळात त्यांची म्हणून. गोरे लोक १८४० च्या दशकात मेंढ्या घेऊन आले. १८७० च्या दशकात सरकारने मोठ्या चराऊ जमिनींचे तुकडे पाडून शेतकऱ्यांना दिले, तेव्हापासून गहू आला. शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियातून जर्मन ल्यूथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) कुटुंबं आली. त्यांची शाळा आजही चालू आहे. मग पिठाची गिरणी, आणि १८८७ मध्ये मेलबर्न-ॲडलेड लोहमार्ग जोडला गेला.

गावाच्या मधल्या बागेत क्लाइड्सडेल जातीच्या नांगरणीच्या घोड्याचा काशाचा पुतळा आहे. पुढारी नाही, सेनापती नाही, घोडा. पण घोडे गेले आणि ट्रॅक्टर आले तशी माणसंही गेली. शेतं एकमेकांत विलीन झाली, दहा कुटुंबांचं काम एकाने व्हायला लागलं. विमेरा या आसपासच्या भागातल्या बहुतेक गावांची हीच कथा आहे: आधी गिऱ्हाईक घटतं, मग बँकेची शाखा जाते, मग शाळेतला एखादा वर्ग. निल तगलं ते बदकांमुळे. लव्ह-अ-डक ही बदकाचं मांस तयार करणारी कंपनी इथली. २०१० च्या आसपास तिला हात कमी पडू लागले. गावात बेकार कोणी नव्हतंच. तेव्हा कंपनीचे तत्कालीन व्यवस्थापक जॉन मिलिंग्टन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांच्या पुढाकाराने मेलबर्नजवळच्या वेरिबीत राहणारी करेन कुटुंबं इथे आली. करेन म्हणजे म्यानमारमधून परागंदा होऊन थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढलेले लोक.

हे कसं केलं ते बारकाईने बघा, कारण तुमच्या उपयोगाचं आहे. बस भरून माणसं आणून उतरवली नाहीत. आधी मोजकी कुटुंबं येऊन गाव बघून गेली. घरं आधी शोधली. गावकऱ्यांना आधी सांगितलं की कोण येतंय आणि का. गावच्या लर्निंग सेंटरमध्ये इंग्रजीचे वर्ग होते. पुढे करेन बायकांचा विणकाम-शिवणकामाचा उद्योग सुरू झाला. २०१५ च्या एका अभ्यासात निघालं की तोवर सुमारे १६० करेन लोक आले होते आणि पाच वर्षांत भागाच्या अर्थव्यवस्थेत सुमारे ४.१५ कोटी डॉलरची भर पडली होती. तेव्हा ‘आपल्याला कोण विचारणार’ याची फार चिंता नको. परका चेहरा इथे नवा नाही. खरी अडचण घराची आहे.

भाड्याची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि चांगली घरं संकेतस्थळावर यायच्या आधीच तोंडी जातात. म्हणून नोकरीच्या बोलणीतच विचारा: सुरुवातीला रुग्णालयाचं निवासस्थान मिळेल का, किती आठवडे, भाडं किती, कुटुंबासह चालेल का? उत्तर ई-मेलवर घ्या. ‘इथे आलात की बघू’ असं उत्तर आलं, तर तुम्ही आणि मुलगी मागे थांबा, पत्नीने आधी येऊन घर मिळवावं. अनामत साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते आणि ती घरमालकाकडे राहत नाही, सरकारी प्राधिकरणाकडे जमा होते. घराच्या स्थितीचा अहवाल मिळेल. प्रत्येक डाग, तडा, सैल नळ लिहून, फोटो जोडून पाच कामकाजी दिवसांत परत द्या. बैठकीच्या खोलीत चालू हीटर असणं हा भाडेकरूचा हक्क आहे. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, पहाटे पारा शून्याखाली जातो आणि जुनी लाकडी घरं गळक्या टोपलीसारखी ऊब सोडतात, तेव्हा तो बघूनच सही करा. उन्हाळ्यात उलट, चाळिशीच्या पुढे. नळाचं पाणी जमिनीखालचं असल्याने किटलीत क्षार साचतो. म्हणून घरामागे पावसाच्या पाण्याची टाकी आहे का तेही विचारा.

आता कागद. भारतात शिकलेल्या नर्सला नोंदणीसाठी आधी एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा, मग ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा ऑस्ट्रेलियात येऊन द्यावी लागते. पत्नीने ब्रिटन, आयर्लंड किंवा सिंगापूरसारख्या ठरावीक देशांत नोंदणी करून पुरेसे तास काम केलं असेल, तर २०२५ पासून सोपा मार्ग खुला आहे. आधी ते तपासा, बराच पैसा वाचेल.

व्हिसाचा प्रकार नीट समजून घ्या, कारण गावाशी तुम्ही किती बांधले जाता ते त्यावर ठरतं. ४९१ हा राज्याच्या शिफारशीने मिळणारा व्हिसा असेल तर ग्रामीण गणल्या जाणाऱ्या भागात राहावं लागतं. पण सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळा देश त्यात येतो. म्हणजे निल नाही जमलं तर मेलबर्नजवळचं जिलाँग शहर चालतं, फक्त ज्या राज्याने शिफारस केली त्याच्या अटी पाळा. तीन वर्षांनी, तेवढ्या वर्षांच्या कर-आकारणीच्या नोटिसा जोडून, १९१ या कायम निवासाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. ४९४ किंवा ४८२ हा नोकरी देणाऱ्याने प्रायोजित केलेला व्हिसा असेल तर दोरी मालकाच्या हातात. नोकरी सुटली तर नवा प्रायोजक शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. शिवाय ४८२ वर भारतीयांना मेडिकेअर ही सरकारी आरोग्ययोजना नाही, खासगी विमा काढावाच लागतो; ४९१ आणि ४९४ वर मेडिकेअर मिळतं.

तुमच्या नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. बायकोला काम आहे आणि नवरा घरी बसून आहे (किंवा उलट), यामुळेच कुटुंबं दोन वर्षांत शहर गाठतात. गावातलं अकाउंट्सचं काम म्हणजे शेतीचे हिशेब, नगरपालिका, रुग्णालयाचं कार्यालय. जागा निघतात, पण तुमच्या सोयीने नाही. ७५ किलोमीटरवरच्या हॉर्शममध्ये संधी जास्त. भारतातला अनुभव घेऊन बुककीपिंग घरून करायचं असेल तर इथलं कर-शिक्षण लागेल, त्याची तयारी तिकडेच सुरू करा. नोव्हेंबर ते जानेवारी सुगी असते. धान्य स्वीकारायच्या केंद्रांवर नमुने काढणं, वजनकाटा सांभाळणं अशी हंगामी कामं निघतात. पैसे बरे आणि ओळखी त्याहून बऱ्या. गंमत म्हणजे त्या ट्रकांत गव्हाबरोबर मसूर आणि हरभराही असतो. २०१७ च्या डिसेंबरात भारताने या दोन्हींवर ३० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा इथले शेतकरी हवालदिल झाले होते. भारताचं डाळीचं धोरण तुमच्यापेक्षा त्यांना जास्त पाठ असतं. गप्पांना विषय तयार आहे.

गाडी चालवता येत नसेल तर येऊ नका. दोघांनाही आली पाहिजे. भारतीय परवान्यावर सहा महिनेच चालतं. त्या मुदतीत लेखी चाचणी, धोके ओळखण्याची संगणकीय चाचणी आणि रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते. वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा. आपले लोक रस्त्यावरच्या चाचणीत नापास होतात ते बहुधा वळताना मान वळवून मागे न बघण्यामुळे आणि ‘स्टॉप’च्या रेषेवर चाक पूर्ण न थांबवल्यामुळे. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. आलाच, तर ब्रेक दाबा पण गाडी झटक्याने वळवू नका. माणसं मरतात ती कांगारूच्या धडकेपेक्षा झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर आदळून. गाडीशिवाय जायचं तर ओव्हरलँड ही मेलबर्न-ॲडलेड रेल्वे आठवड्यातून दोनदा निलला थांबते, तिकीट आधी काढावं लागतं. शिवाय व्ही-लाइन या राज्याच्या प्रवासी सेवेची बस आणि पुढे रेल्वे. २०२३ पासून व्ही-लाइनच्या भाड्याला मेलबर्न शहराच्या दिवसभाड्याची मर्यादा आहे, त्यामुळे ती स्वस्त पडते.

गावाचं आयुष्य स्वयंसेवकांवर चालतं, अक्षरशः. अग्निशमन दल, जुन्या कपड्यांचं दुकान, शेतीप्रदर्शन, महायुद्धातल्या प्रशिक्षण तळाच्या आठवणी जपणारं विमान संग्रहालय, सगळीकडे तीच पन्नास-साठ माणसं फिरून दिसतील. हिवाळ्यातले शनिवार फूटबॉल-नेटबॉलचे: पुरुष फूटबॉलच्या मैदानावर, बायका बाजूच्या नेटबॉलच्या, आणि स्वयंपाकघरात कोणीतरी सॉसेज भाजतंय. खेळता येत नाही म्हणून घरी बसू नका. गुणफलक सांभाळायला, खाण्याच्या खिडकीत उभं राहायला माणूस कायम हवाच असतो. मुलांच्या संस्थेत काम करायचं तर मुलांसोबत काम करण्याचा परवाना लागतो, स्वयंसेवकांना तो मोफत आहे. हिशेब येणारा माणूस तर क्लबांना देवासारखा. खजिनदाराची जागा नेहमीच रिकामी असते. दोन हंगाम ते काम नीट केलंत की नोकरीची जागा निघाल्याचं तुम्हाला जाहिरातीच्या आधी कळेल. मात्र एकदा ‘हो’ म्हणालात की या. शहरात न येणारा माणूस खपून जातो, इथे नाही. आणि खाजगीपण फारसं उरत नाही, हेही धरून चाला: तुमच्या पत्नीचे रुग्ण तिला दुकानात भेटणार, आणि त्यांच्या आजाराबद्दल तिथे एक शब्दही बोलायचा नाही.

मुलीसाठी सरकारी शाळा पहिलीच्या आधीच्या वर्गापासून बारावीपर्यंत एकाच ठिकाणी आहे, शिवाय ल्यूथरन आणि कॅथलिक शाळा. वर्गात मुलं कमी, करेन मुलंही असतील. मराठी मात्र घरीच शिकवावी लागेल. किराणा: गावातल्या दुकानात तांदूळ, डाळ, हळद मिळेल, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, गोडा मसाला मेलबर्नहून किंवा टपालाने. भारतातून येताना खव्याची मिठाई, बियाणं, कढीपत्ता आणू नका, आणि खाण्याचं जे काही असेल ते देशात शिरताना भरायच्या कार्डावर जाहीर करा. न सांगता सापडलं तर दंड जबर असतो. ॲडलेडला जातानाही लक्षात ठेवा: साऊथ ऑस्ट्रेलियात फळमाशीमुळे ताजी फळं, टोमॅटो, वांगी, मिरच्या नेता येत नाहीत. मंडईतून आणलेली पिशवी सीमेवरच्या पेटीत टाकावी लागते.

दोन गोष्टी आल्या आल्या करा. ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचं कौटुंबिक सदस्यत्व घ्या. मेडिकेअर रुग्णवाहिकेचा खर्च देत नाही. गंभीर आजारात निलहून हॉर्शमला, तिथून बॅलराट किंवा मेलबर्नला हलवतात, कधी विमानाने, आणि सदस्यत्व नसेल तर ते बिल हजारो डॉलरचं येतं. बाळंतपणाचा विचार असेल तर तीही सोय हॉर्शमलाच. दुसरी: फोनमध्ये आणीबाणीच्या सूचनांचं सरकारी ॲप घाला. उन्हाळ्यात रोज वणव्याचा धोका चार पायऱ्यांत जाहीर होतो. पूर्ण आगबंदीच्या दिवशी अंगणात कोळशाची शेगडी पेटवणं गुन्हा आहे, आणि सर्वांत वरच्या पायरीच्या दिवशी गावाबाहेरच्या शेतघरात पाहुणे म्हणून गेला असाल तर आदल्या संध्याकाळीच गावात परत या.