पचन आणि प्रजनन, दोन्ही विषयांत मूलभूत काम केलेला शास्त्रज्ञ कोण?

माझ्या मते पहिलं नाव रेनिए द ग्राफ या डच वैद्याचं. जन्म 1641चा. लायडनला शिकत असतानाच, 1664 मध्ये, त्याने स्वादुपिंडाच्या रसावर ग्रंथ लिहिला. जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पिसाची पोकळ दांडी बसवून त्याने तो रस थेंबाथेंबाने बाटलीत गोळा केला. रस आम्लधर्मी असतो हा त्याचा निष्कर्ष चुकला (तो अल्कधर्मी असतो), पण पाचक रस प्रत्यक्ष मिळवून तपासायची ही पद्धत फार मोलाची ठरली.

पुढे डेल्फ्टमध्ये वैद्यकी करताना तो प्रजननाकडे वळला. 1668 मध्ये पुरुषाच्या, 1672 मध्ये स्त्रीच्या जननेंद्रियांवर ग्रंथ आले. सशाच्या मादीत समागमानंतर अंडाशयातल्या जितक्या पुटिका (द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या) फुटलेल्या दिसतात, साधारण तितकेच गर्भ सापडतात, हे त्याने मोजून दाखवलं. मला त्याचं हे काम सर्वांत सुंदर वाटतं. त्या पुटिकांना आजही ‘ग्राफियन पुटिका’ म्हणतात. तो मात्र अख्ख्या पुटिकेलाच अंडं समजत होता. सस्तन प्राण्यांचं खरं अंडं 1827 मध्ये कार्ल फॉन बेअरने शोधलं.

1673 मध्ये, अवघ्या 32व्या वर्षी द ग्राफ वारला. त्याच वर्षी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्र लिहून सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लेवेनहूकची ओळख करून दिली होती.