वेताची खुर्ची हॉलमध्ये कशी आली

मैत्रिणीच्या नव्या घरात काही खटकलं तर बोलावं की गप्प बसावं, एवढाच प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे कोणी येत नाही. येतात ते ‘ती हल्ली माझ्याशी बोलत नाही’ म्हणून. थोडं खोलात गेलं की खाली पडदे, फॉल्स सीलिंग नाहीतर देवघराची दिशा निघते. नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, म्हसरूळ, जिकडे जाल तिकडे इमारती उभ्या राहिल्या आहेत. वास्तुशांतीची आमंत्रणं वाढली, तशा या कुरबुरीही. त्यातलाच हा एक अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि नावं देतच नाही.

इंदिरानगरच्या या बाई चाळिशी ओलांडलेल्या. घर लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, हे मी त्यांच्या सांगण्यावरून म्हणत नाही. मोबाइलमध्ये त्यांच्या हॉलचे फोटो पाहिले. पडद्याचं कापड घ्यायला निघालेले नातेवाईक त्यांना सोबत नेतात. मैत्रीण कॉलेजपासूनची. तिने बरीच वर्षं सिडकोत भाड्याने काढली आणि शेवटी पाथर्डी फाट्याला टू बीएचके घेतला. मार्गशीर्षात वास्तुशांत झाली. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ग्रुपमधल्या सगळ्याजणींना बोलावणं गेलं, यांना नाही. रथसप्तमीपर्यंत यांनी वाट पाहिली आणि मग माझ्याकडे आल्या.

“मॅडम, मी तिच्या भल्याचंच बोलले. परकीला कशाला सांगायला जाईन?”

काय बोललात, विचारलं तर म्हणाल्या, “विशेष काही नाही हो.”

मी कागद आणि पेन पुढे सरकवलं. आठवेल ते वाक्य जसंच्या तसं लिहा, म्हटलं. थोडं अडखळल्या, मग पेन सुटलं ते पान उलटेपर्यंत. ‘चॉकलेटी पडद्यांनी हॉल अंधारा वाटतो गं.’ ‘पीओपीवर एवढे घातलेस, त्यापेक्षा किचनच्या ट्रॉल्या बऱ्या घ्यायच्या.’ ‘ही वेताची खुर्ची आता तरी टाक.’ ‘देवघर इथे चालत नाही.’ ‘मुलाच्या खोलीतला दिवाण खिडकीखाली नको, खिडकीला ग्रिल नाहीये.’ ‘मला आधी विचारलं असतंस तर सुताराला निम्म्यात बसवलं असतं.’ भांडीबाजारातून पितळी उरळी, म्हणजे फुलं तरंगवायचं पसरट भांडं, भेट नेली होती. ती ठेवायला जागा हवी म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावरची सासूबाईंची पोथी आणि चष्मा यांनी स्वतःच उचलून शोकेसमध्ये ठेवला. वास्तुशांतीच्या दिवशी, गुरुजी अजून घरात असताना! रात्री घरी येऊन व्हॉट्सॲपवर सजवलेल्या हॉलचे फोटो पाठवले, ‘असं करता आलं असतं बघ’ म्हणून. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

मग त्या यादीशेजारी दोन रकाने आखले. हे तिने विचारलं होतं का? आणि आता बदलता येण्यासारखं आहे का? पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नाही’. दुसऱ्यात बहुतेक ठिकाणी ‘नाही’, एकदोन ठिकाणी ‘खर्च करून’. पीओपी उतरवून कोणी ट्रॉल्या करत नाही. सुतार पैसे घेऊन केव्हाच दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. घराचा हप्ता मात्र सुरू झालेला असतो, आणि हप्ता भरणाऱ्याला ‘पैसे वाया गेले’ हे वाक्य रोज टोचतं. सल्ल्याला किंमत असते ती प्लायवूड कापायच्या आधी. काम उरकल्यावर तेच शब्द म्हणजे पेपर तपासणं, आणि मैत्रिणीने उत्तरपत्रिका जमा केलेलीच नव्हती.

“पण तिनेच विचारलं होतं की, कसं वाटलं घर म्हणून!”

हे मला नेहमी ऐकायला मिळतं. वास्तुशांतीला आलेल्या माणसाला ‘कसं वाटलं घर?’ विचारतात ते ‘जेवलात का पोटभर?’ विचारतात तसंच. तिथे अभिप्रायाची मागणी नसते, कौतुकाची मात्र असते आणि त्यात वावगं काही नाही. मग खोटं बोलायचं का, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, त्या घरात तुम्हाला खरोखर आवडलेलं काहीच नव्हतं? थांबल्या. गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, म्हणाल्या, अगदी समोर, मध्ये एकही इमारत नाही. हे तिला सांगितलंत? नव्हतं सांगितलं. मैत्रिणीने त्याच डोंगरासाठी खालच्या मजल्यावरचा स्वस्त फ्लॅट सोडला होता, हे त्यांना नंतर तिसरीकडून कळलं.

खुर्चीचा किस्सा त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितला. वास्तुशांतीला ती वेताची खुर्ची गॅलरीत होती. पंधरवड्याने या चहाला गेल्या, तर खुर्ची हॉलच्या मधोमध, वर नवी गादी शिवून. “मुद्दाम केलं तिने!” मुद्दाम असेल किंवा नसेलही. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलं होतं, की आपलं निवडीचं स्वातंत्र्य कोणी आवळतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला जातो, आणि जे करू नको म्हटलं तेच त्याला जास्त हवंसं वाटू लागतं. आपल्या आयांना हे ब्रेमच्या आधीपासून ठाऊक आहे. फरक इतकाच, की मुलगा हट्टाला पेटला म्हणायला आपल्याला जड जात नाही. मैत्रीण तेच करते तेव्हा आपण ‘मुद्दाम’ म्हणतो.

देवघराच्या वाक्यावर मी जास्त वेळ घेतला. माझ्या मते त्या यादीतलं सगळ्यात वाईट वाक्य ते होतं. पडद्याच्या रंगावर बोललं तर माणूस दुखावतो, वास्तूवर बोललं तर घाबरतो. फ्लॅटमध्ये ओटा आणि संडास कुठे यावेत ते बिल्डरने नकाशातच ठरवलेलं असतं. राहिलेल्या जागेत देव बसवायचे असतात. ‘इथे चालत नाही’ म्हणून तुम्ही जेवून घरी निघून जाता. तिच्या घरी मात्र पुढे मुलाला ताप आला, नवऱ्याची कंपनीत कटकट झाली, की सासूबाई त्या भिंतीकडे बघतात. तुमचा वास्तूवर विश्वास असला तर तो तुमच्या घरात ठेवा. या बाबतीत मी मधला मार्ग सुचवत नाही.

त्या थोड्या दुखावल्या. म्हणाल्या, तुम्ही तर सल्ले देण्याचेच पैसे घेता! बऱ्याच जणांचा तसा समज असतो. खरं तर आमच्या कामात आयता सल्ला देण्याची घाई हा दोष मानतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारू सोडू पाहणाऱ्यांशी कसं बोलावं यावर 1983 मध्ये एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती वाढवली. तिच्यात माहिती द्यायचीच असेल तर क्रम असा: समोरच्याला काय माहीत आहे आणि ऐकायचं आहे का ते आधी विचारा, मग मोजकं सांगा, मग त्याला काय वाटलं ते पुन्हा विचारा. दारूने लिव्हर खराब होत असलेल्या माणसालासुद्धा विचारून सांगायचं असतं. पडद्याचं काय घेऊन बसलात?

पुढच्या भेटीत बाईंनी स्वतःच विषय काढला. पडद्यांचं कारण त्यांना कळलं होतं. मैत्रिणीचे यजमान अंबडला कंपनीत, रात्रपाळी असते. मूल लहान, त्याचा पसारा बेडरूममध्ये, त्यामुळे ते दिवसा हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपतात. हॉल पश्चिमेचा, दुपारी ऊन आत येतं. अंधार व्हावा म्हणूनच ते पडदे. खुर्चीचंही साधंच होतं, मैत्रिणीच्या कंबरेला तीच मानवते. “मला एका शब्दाने सांगितलं असतं तर?” मी विचारलं, ‘का गं, गडद का घेतलेस?’ असं तुम्ही कधी विचारलंत? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. निकाल ऐकवणाऱ्याला कोणी कारणं सांगत बसत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची सुरुवात केली. त्यांचा सगळा रोख एका ठिकाणी असतो: आपल्या इच्छेची मागणी कधी होते तिकडे. ‘तिने माझं ऐकलं तर मला आनंद होईल’ ही इच्छा. ‘इतक्या वर्षांची मैत्रीण, तिने माझं ऐकलंच पाहिजे’ ही मागणी, आणि ती पुरी झाली नाही की राग येतो, मग तो राग काळजीचा वेश घेऊन रात्री फोटो पाठवतो. बाईंनी हे पटकन मानलं नाही. दोन भेटी गेल्या त्यात.

त्या कागदावर एक वाक्य असं होतं की ते बोलायलाच हवं होतं. चौथा मजला, सरकत्या काचेची खिडकी, ग्रिल नाही, खाली दिवाण आणि घरात तीन वर्षांचं मूल. दिवाणावर चढलं की खिडकी त्याच्या छातीला. हे न विचारता सांगायचं असतं, सगळा शिष्टाचार बाजूला ठेवून. यांनी सांगितलंही होतं, पण पडदे आणि ट्रॉल्यांच्या मध्ये. तोवर मैत्रिणीने ‘हो गं, बघू’ म्हणून कान बंद केले होते. जिवाचा प्रश्न असलेलं वाक्य बाकीच्या शेऱ्यांबरोबर वाहून गेलं होतं.

म्हणून ठरलं, की फोन करायचा तो त्या खिडकीसाठी. आधी माफी, आणि तीही ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ अशी नको. अशा माफीत वाईट वाटून घेण्याचा दोष मैत्रिणीचाच राहतो. ‘तू विचारलं नव्हतंस आणि मी बोलत सुटले, ते चुकलं,’ एवढं पुरे. मग दिवाण आणि खिडकी. मग फोन ठेवायचा. माझ्यासमोर सराव केला तेव्हा खिडकीनंतर त्या म्हणाल्याच, “आणि ग्रिल लावणारच असशील तर एम.एस.चं, म्हणजे साध्या लोखंडाचं नको, गंजतं…” दोघी हसलो. पुन्हा सुरुवात केली.

फोन झाला. पलीकडून आधी शांतता, मग मैत्रीण वास्तुशांतीच्या दिवशीचं सगळं बोलली, पोथी आणि चष्म्यासकट. सासूबाईंना तो चष्मा संध्याकाळपर्यंत सापडला नव्हता म्हणे. बाईंनी ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी दिवाण दुसऱ्या भिंतीला गेला. ग्रिल पगार झाल्यावर लागलं. मैत्री पहिल्यासारखी झाली का? नाही. येणंजाणं सुरू झालं, पण मैत्रीण पूर्वी दिवसातून दोनदा फोन करायची, तशी आता करत नाही. बाईंना ते लागतं, आणि लागणारच.

मध्यंतरी त्यांचा मेसेज आला. मैत्रिणीने बेडरूमच्या भिंतीचा रंग विचारलाय, सांगू का? मी कळवलं, तिने विचारलंय तर जरूर सांगा, फक्त आधी बजेट विचारा आणि दोनच रंग सुचवा. त्यांनी चार सुचवले. मैत्रिणीने त्यातला एक घेतला.