वाचकांचे प्रश्न : डोळ्यापासून दूर धरलेला कॅमेरा

कॅमेऱ्याच्या मागची स्क्रीन हलती असावी की नाही, असल्यास कशी असावी आणि ती वापरताना फ्रेम का बिघडते, याविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून दरवर्षी सप्टेंबरमध्ये कास पठारावर फुलांची छायाचित्रे काढतो. फुले वीतभरही उंच नसतात आणि माझे गुडघे आता जमिनीवर झोपू देत नाहीत. नवीन कॅमेरा घेताना वर-खाली झुकणारी स्क्रीन घ्यावी की बाजूला उघडून फिरणारी? दोन्हींत खरेच काही फरक पडतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फरक पडतो, आणि आपल्या कामासाठी तर तो कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. पण स्क्रीनकडे वळण्यापूर्वी कॅमेरा खाली नेल्याने नेमके काय घडते ते पाहू, कारण एकदा ते लक्षात आले की किती खाली जायचे याचा अंदाज आपोआप येऊ लागतो.

सपाट जमिनीवर क्षितिजरेषा नेहमी लेन्सच्या उंचीवरून जाते. कॅमेरा वर-खाली झुकवला तर क्षितिज फ्रेममध्ये सरकते, पण समोरच्या वस्तूला ते ज्या उंचीवर छेदते ती उंची बदलत नाही. आता पंधरा सेंटिमीटर उंचीचे फूल घ्या. उभे राहून दीड मीटरवरून काढले तर ते संपूर्ण फूल क्षितिजाच्या खाली, गवतात आणि चिखलात हरवलेले असते. तोच कॅमेरा जमिनीवर टेकवला तर लेन्सचा मध्य चार-पाच सेंटिमीटरवर येतो, क्षितिज देठाला खालच्या तिसऱ्या भागात छेदते आणि उरलेला देठ व फूल आकाशावर उठून दिसते. या उंचीवर कॅमेरा दोन-तीन सेंटिमीटर वर घेतला तरी मागे ढगांच्या ऐवजी सोनकीचा पिवळा पट्टा येतो. म्हणून शटर दाबण्यापूर्वी फुलाकडे कमी आणि फ्रेमच्या चारही कडांकडे जास्त पाहावे.

आता स्क्रीन. वर-खाली झुकणारी स्क्रीन लेन्सच्या बरोबर मागे राहते. आपण कमरेत किंचित वाकून वरून खाली पाहतो आणि कॅमेरा जिकडे रोखलेला आहे तिकडेच आपली नजरही असते, त्यामुळे नेम पटकन लागतो. जुन्या रोलीफ्लेक्सची (पहिला कॅमेरा १९२९ चा) हीच रीत होती. कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत पाहायचे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही रोलीफ्लेक्स वापरला होता. त्या काचेत डावे-उजवे उलट दिसत असे आणि हात सरावेपर्यंत फ्रेम नको त्या बाजूला पळायची. हा त्रास आजच्या स्क्रीनवर नाही. मात्र नुसत्या वर-खाली झुकणाऱ्या स्क्रीनची एक मोठी उणीव आहे : कॅमेरा उभा धरला की ती निरुपयोगी होते. एका देठावरचे एकच फूल बहुधा उभ्या फ्रेमचीच मागणी करते, तेव्हा ही उणीव आपल्याला रोज जाणवेल.

बाजूला उघडणारी स्क्रीन उभ्या आणि आडव्या दोन्ही फ्रेममध्ये कामाला येते. पण ती लेन्सच्या डावीकडे हातभर नसली तरी बोटभर दूर असते, आणि आपण नकळत स्क्रीन आपल्या समोर आणण्याच्या नादात कॅमेरा तिरका करतो. शिवाय ती उघडायला गवतात जागा लागते.

तिसरा प्रकार तीन दिशांना झुकणाऱ्या स्क्रीनचा. ती लेन्सच्या मागेच राहते आणि उभ्या फ्रेमसाठी एका बाजूनेही उघडते. एकाच बाजूने उघडत असल्यामुळे कॅमेरा उभा कसा धरायचा हे मात्र ठरून जाते. फुजीफिल्मने २०२० च्या एक्स-टी४ मध्ये बाजूला उघडणारी स्क्रीन दिली होती आणि २०२२ च्या एक्स-टी५ मध्ये पुन्हा तीन दिशांची स्क्रीन आणली. स्थिर छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी तो निर्णय योग्यच होता असे मला वाटते. सोनीने त्याच वर्षीच्या ए७आर ५ मध्ये दोन्ही बिजागऱ्या एकत्र केल्या, पण तो कॅमेरा महाग आणि वजनदार आहे. आपण तीन दिशांची स्क्रीन असलेला हलका कॅमेरा पाहावा. आहे तोच कॅमेरा ठेवायचा असेल तर त्याचे मोबाइल ॲप उतरवून घ्या. कॅमेरा फुलाजवळ, फोन हातात, एवढ्यानेही बरेच काम होते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचा समावेश आहे. तिथली सीतेची आसवे किंवा दवबिंदू ही झाडे इतकी लहान असतात की एका फुलासाठी आडवे झालेल्या माणसाखाली शेकडो रोपे चिरडतात. पायवाटेवर बसून हात लांब करून कॅमेरा खाली नेता येणे हा हलत्या स्क्रीनचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग आहे. पठारावर वारा असतोच, म्हणून शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका आणि कॅमेऱ्याखाली रुमालाची घडी ठेवा.

प्रश्न : वारीत आणि मिरवणुकीत मी हात उंच करून गर्दीची छायाचित्रे काढतो. बरीचशी तिरकी येतात, फोकस भलत्याच डोक्यावर जातो आणि घरी आल्यावर ती स्क्रीनवर दिसली त्यापेक्षा काळपट निघतात. मोनोपॉडवर (एकपायी काठीवर) कॅमेरा लावून फोनवरून पाहिले तर सुधारणा होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वर सांगितलेला क्षितिजाचा नियम इथे उलट्या बाजूने लागू होतो. हात ताणून धरलेला कॅमेरा सव्वादोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे सर्वांची डोकी क्षितिजाच्या खाली येतात आणि मागच्या माणसांचे चेहरे पुढच्यांच्या टोप्यांवरून दिसू लागतात. गर्दीची खोली दिसते ती यामुळेच. पण हा फायदा उंचीचा आहे, कॅमेरा खाली झुकवण्याचा नाही. फार झुकवला तर उभ्या रेषा खाली एकवटतात, डोकी मोठी आणि पाय बारीक दिसतात. क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात राहील इतकेच झुकवा.

तिरकेपणाचे कारण बहुतेक वेळा उजवा हात असतो. शटर दाबताना तो खाली ओढला जातो. इलेक्ट्रॉनिक लेव्हल (कॅमेरा सरळ आहे का हे स्क्रीनवर दाखवणारी रेषा) सतत दिसेल असे करा, डावा तळहात लेन्सच्या खाली ठेवा आणि बोट आधीपासून शटरवर अर्धे दाबून ठेवा. फोकससाठी अशा वेळी कॅमेऱ्याच्या निवडीवर विसंबू नये. फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स, एफ/८ एवढे लेन्सचे छिद्र आणि तीन मीटरवर हाताने लावलेला फोकस असेल तर साधारण दीड मीटरपासून पुढचे सगळे स्पष्ट येते. दिंडी चालती असते, म्हणून शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा.

काळपटपणाचे कारण स्क्रीनच आहे. उन्हात दिसावे म्हणून आपण तिचा उजेड वाढवतो आणि मग कमी उजेडाचे छायाचित्रही झळाळते दिसते. उजेडाचा अंदाज हिस्टोग्रामवरून (चित्रातला काळोख ते उजेड दाखवणाऱ्या आलेखावरून) घ्या, स्क्रीनवरून फक्त फ्रेम ठरवा. पोलराइज्ड गॉगल लावत असाल तर तो काढून पाहा, कारण कॅमेरा आडव्याचा उभा केला की अशा काचांतून काही स्क्रीन जवळजवळ काळ्या दिसतात.

मोनोपॉड आणि फोनचा सल्ला मी देणार नाही. वायफायवरून येणारे चित्र क्षणभर मागे असते आणि शेकडो फोनांच्या गर्दीत ते आणखी अडखळते. गोल रिंगणात अश्व सेकंदाला दहा मीटर धावत असेल आणि चित्र दोन दशांश सेकंद मागे असेल, तर फोनवर तो दिसेल तेव्हा प्रत्यक्षात दोन मीटर पुढे गेलेला असेल. शिवाय दाटीत डोक्यावर काठी उंचावणे शेजाऱ्यांसाठी सुरक्षित नाही.

प्रश्न : मी घरी केलेल्या पदार्थांची ताटे वरून टिपते. स्टुलावर चढून पाठ दुखते आणि ताट गोल न येता अंड्यासारखे येते. बाहेरचा मॉनिटर घ्यावा का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आधी फोन किंवा टॅबलेट जोडून पाहावा. ताट पळत नाही, त्यामुळे वायफायचा विलंब इथे आड येत नाही. पाच ते सात इंची एचडीएमआय मॉनिटरवर फोकस अधिक नीट तपासता येतो, पण त्याला वेगळी बॅटरी लागते. आपल्या कॅमेऱ्याला मायक्रो-एचडीएमआयचे लहान छिद्र असेल तर तारेला बसलेला एक हिसका ते खिळखिळे करू शकतो. मॉनिटर घेतलाच तर तार ट्रायपॉडला बांधून ठेवा.

ताट अंडाकृती येते कारण कॅमेरा टेबलाशी समांतर नाही. कॅमेरा थेट खाली रोखला की त्याच्या इलेक्ट्रॉनिक लेव्हलवर भरवसा ठेवता येत नाही. त्यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. ताटाच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा. स्क्रीनवर आरशात आपल्याच लेन्सचे प्रतिबिंब दिसेल, त्यावर फोकस करा. काळा गोल फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉडचा माथा थोडा-थोडा हलवा. तो मध्यावर आला की लेन्स टेबलाशी काटकोनात आली. आरसा काढा, ताट ठेवा आणि मग कॅमेऱ्याला हात लावू नका, डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडच्या वाट्या ताटातच सरकवा.

लेन्स ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब घ्यावी. रुंद लेन्सने कडेच्या वाट्या बाहेरच्या बाजूला कलंडल्यासारख्या दिसतात. आडव्या दांड्याच्या विरुद्ध टोकाला वाळूची पिशवी टांगल्याशिवाय कॅमेरा ताटावर लटकवू नये. आणि चित्र आपोआप फिरवण्याची सोय बंद करा, नाहीतर खाली रोखलेला कॅमेरा एक ताट आडवे आणि दुसरे उभे नोंदवतो.

प्रश्न : खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाचे उघडे वर्तुळ बरोबर मध्यावरून टिपायचे आहे. मान मोडते, पण मध्य सापडत नाही.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कॅमेरा हातात धरूच नका. मोकळ्या वर्तुळाच्या बरोबर खाली गोल शिळा आहे. तिथे कॅमेरा ठेवू देत असतील तर शिळेच्या मध्यावर जाड कापडाची घडी ठेवून कॅमेरा पाठीवर झोपवा. वर-खाली झुकणारी स्क्रीन अशा वेळी खाली दबते. बाजूला उघडणारी असेल तर ती पूर्ण उलटवून लेन्सच्या दिशेने वळवा. त्या स्थितीत बहुतेक कॅमेरे आरशासारखे उलटे चित्र दाखवतात, म्हणजे चित्र डावीकडे सरकवायचे असेल तर हाताला वाटेल त्याच्या उलट हलवावे लागेल. फोन जोडला तर हा गोंधळ टळतो.

मध्य शोधताना आकाशाच्या वर्तुळाकडे पाहू नका, कारण कॅमेरा थोडा कलला तरी ते फ्रेमच्या मध्यावर आणता येते. सभोवतालच्या खांबांचे माथे चारही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. आकाश आणि मंडपाच्या आतल्या सावलीत उजेडाचा फरक फार मोठा असतो, म्हणून कमी-जास्त उजेडाची तीन छायाचित्रे घ्या आणि दहा सेकंदांचा टायमर लावून खांबांच्या आड जा, नाहीतर रुंद लेन्समध्ये आपला चेहरा येईल. ट्रायपॉड लावायचा असेल तर हे संरक्षित स्मारक असल्याने पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.