बेलिंग मशीन नको, खेळतं भांडवल बघा

मुलुंडच्या तुम्ही पाच जणांनी मिळून १० लाख काढायचे, ओळखीच्या महिला गटाच्या सुका कचरा केंद्राला गाठी बांधायचं मशीन घेऊन द्यायचं आणि वर्षाला १२ टक्के सुटावेत, असा तुमचा बेत दिसतो. पैसे जरूर लावा, पण मशीनमध्ये नको. अशा गटांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय. त्यांचं घोडं अडतं ते खेळत्या भांडवलावर, म्हणजे रोजची खरेदी भागवायच्या रोखीवर.

कचरा वेचणाऱ्या बाईला पैसे लागतात ते माल काट्यावर पडल्या पडल्या. भंगारवाला भाव कमी देतो, काट्यातही मारतो, तरी ती त्याच्याकडेच का जाते? कारण पोराच्या फीला, दवाखान्याला तो उचल देतो. गट म्हणाला, 'ताई, शनिवारी घ्या', की दुसऱ्या दिवशी तिची गोणी परत जुन्या दुकानात. इकडे गटाचं काय, तर ट्रक भरेपर्यंत पेट बाटल्या पडून, आणि रिसायकलरचे पैसे महिना-दीड महिन्याने. रोजची खरेदी १० हजारांची धरली तर ४५ दिवसांत साडेचार लाख बाहेर अडकले. त्यात पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो आणि ओलाव्यापोटी वजन कापलं जातं. कच्च्या तेलाचे भाव पडले की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि भंगाराचा दरही खाली येतो, तोही गटाने माल आधीच्या दराने घेऊन झाल्यावर.

मशीनला थ्री-फेज जोडणी लागते, आणि शेड बहुतेक पालिकेच्या परवानगीवर उभी असते. उद्या जागा सोडा म्हणाले तर ते धूड न्यायचं कुठे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना सामावून घ्यायला पालिकांना सांगितलं, स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थांनी त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत बायकांना संघटित केलं, तरी जागेचा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून पहिल्याच भेटीत जागेचं पत्र मागा आणि त्यावरची मुदत वाचा.

आता पैसे द्यायचे कसे. गटाची कंपनी असेल तर बाहेरच्या व्यक्तीकडून घेतलेलं कर्ज साधारणपणे ठेवीत मोजलं जातं आणि त्याचे नियम कडक आहेत, तेव्हा साध्या कागदावर उसने देऊ नका. सहकारी संस्था असेल तर सभासद कितीही भाग घेवो, मत एकच, त्यामुळे 'हिस्सा घेऊन वाढवू' हा विचार तिथे चालत नाही. मला सोयीचा वाटतो तो मार्ग असा: तुमची मुदत ठेव बँकेकडे तारण ठेवायची आणि त्यावर गटाला कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तशी उचलायची आणि भरायची कर्जमर्यादा, मिळवून द्यायचं. ठेवीचं व्याज तुमचंच राहतं, गट वापरलेल्या रकमेपुरतं व्याज भरतो. गट बुडाला तर बँक ठेवीला हात घालणार, ही जोखीम पाचही जणांच्या घरी आधी सांगून ठेवा. १२ टक्के विसरा.

कुणी सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे सामाजिक संस्थांसाठीचा शेअर बाजारातला विभाग, सुचवेल. तिथले झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल रोखे म्हणजे नाव रोख्याचं, काम देणगीचं: व्याज नाही, मुद्दलही परत नाही. देणगीच द्यायची तर उत्तम, फक्त गुंतवणूक समजून घेऊ नका.

'आता ईपीआरचे पैसे येतील' असं गटाने सांगितलं तर जरा थांबा. ईपीआर म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या कचऱ्याची टाकलेली जबाबदारी; ती पार पाडल्याचा पुरावा म्हणून त्या प्रमाणपत्रं विकत घेतात. २०२२ च्या प्लास्टिक ईपीआर नियमांत प्रमाणपत्र तयार होतं ते नोंदणीकृत रिसायकलरच्या नावाने. वर्गीकरण करणाऱ्याला त्यातलं काही मिळायचं तर तसा लेखी करार हवा. उद्यम नोंदणीचंही, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचंही, तसंच. खरेदीदाराकडून ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं संरक्षण उत्पादन आणि सेवा उद्योगांना आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही, त्यामुळे नोंदणीत गट कशात दाखवलाय ते बघा.

 

केंद्रावर जाल तेव्हा प्रकल्प अहवाल बाजूला ठेवा आणि खरेदीची वही मागा. रोजचं वजन, दर आणि बाईची सही किंवा अंगठा त्यात हवा. शेजारच्या भंगाराच्या दुकानात त्याच दिवशीचा दर विचारा. आणि चिप्सची पाकिटं, फाटक्या चपला असा न विकला जाणारा माल महिन्याला किती निघतो, तो उचलायला कोण पैसे भरतं, हे नक्की विचारा. बहुतेकांच्या हिशेबात तो खर्चच धरलेला नसतो.